उजेडांत तोललेलें धन

(शास्त्रभाग : एज्रा ८:२४-३४, २ करिंथ. ८:१६-२१)



एज्रा बाबेलाहून यरुशलेमास निघाला तेव्हां त्याच्यापाशीं पुष्कळ सोनेंरुपें होतें. तें राजानें, त्याच्या मंत्र्यांनीं व इस्राएल लोकांनीं मंदिराकरितां अर्पिलेलें होतें. एज्रानें तें याजकांच्या हातीं देतांना तोलून दिलें. यरुशलेमांत पोंहचल्यावर तें पुनः तोललें गेलें, आणि सर्व वजन लिहून ठेविलें गेलें. ते याजक परमेश्वराला वाहिलेले पुरुष होते. तरी तराजू पाहून कोणी रुसला असें शास्त्र सांगत नाहीं. पौलानेंही यरुशलेमांतील गरिबांची वर्गणी एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेला बंधु सोबत घेतला. आपला व्यवहार देवाप्रमाणें माणसांनाही निर्मळ दिसावा, ही त्याची काळजी होती.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. २०१९ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधींतून पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत मिळतात. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यांत तितकीच भर घालण्याचें ठरविलें. पेरणीच्या दिवसांत हातीं आलेला एक हप्ताही गरिबास सावकाराच्या दारापासून दूर ठेवितो.

परंतु हा निधि सर्वांस नाहीं. आयकर भरणारा, चतुर्थ श्रेणीवरील सरकारी नोकर, दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारा, हे अपात्र आहेत. नवरा, बायको व अज्ञान मुलें मिळून एकच कुटुंब धरिलें जातें. तरी जुलै २०२१ मध्यें कृषिमंत्र्यांनीं लोकसभेंत सांगितलें कीं, ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांस सुमारें ३,००० कोटि रुपये गेले. इकडे दुसऱ्याचें रान बटाईनें करणारा, ज्याचें नांव सातबाऱ्यावर नाहीं, तो घाम गाळूनही यादीबाहेरच राहतो. त्याच्यादेखत बांधावरच्या पगारदारानें हा हप्ता उचलावा, हें देवास कसें आवडेल?

म्हणून यादी उघडी असणें हें गरिबाचें रक्षण आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा, कलम ४, सांगतो कीं, अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारी कचेऱ्यांनीं आपण होऊन प्रसिद्ध करावा. कोणी म्हणतो, “माझें नांव चावडीवर कशाला?” आम्ही म्हणतों, पैसा सर्व लोकांचा आहे, म्हणून. ज्यानें नीट घेतलें त्याचें उघड्या यादीनें कांहीं बिघडत नाहीं. उलट कुजबुजणाऱ्यांचीं तोंडें बंद होतात. मात्र कोणाचा खातेक्रमांक वा आधार क्रमांक विचारण्याचें आपणांस कारण नाहीं. यादी हेव्यासाठींही नाहीं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा ग्रामसभेंतही लागू आहे. संशय आल्यास प्रथम त्या बंधूकडे एकांतीं जावें, हा प्रभूनें घालून दिलेला मार्ग होय.

उपदेशक बंधूंनो, ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस यादी वाचून दाखवा. पात्र विधवेचें नांव राहिलें असेल तर तिच्याबरोबर तालुक्यास जा. कोणी अपात्र असून पैसे घेतले असतील, तर ते परत भरण्याची सोय आहे हें त्यास सांगा. जक्कयानें चौपट देऊं केलें. सरकार घेतलें तेवढेंच मागतें. आणि ज्याच्या घरीं तारण आलें त्यानें आधीं आपली पेटी उघडली, हें विसरूं नका.

शेवटीं, आपल्या मंडळीचा हिशेब. कापणीच्या सणाचें धान्य किती आलें, कितीस विकलें, कोणास दिलें, हें उपासनेनंतर मोठ्यानें वाचलें जातें काय? आपली पेटी झांकून आपण चावडीवर हिशेब मागूं, तर गांव हंसेल आणि प्रभूच्या नांवास कलंक लागेल.

एक दिवस सर्वांचीं पुस्तकें उघडलीं जातील. त्या दिवसाचें भय धरून आज आपण होऊन तराजूपुढें उभें राहण्याची कृपा प्रभु आम्हांस व तुम्हांस देवो. आमेन.