त्रैराशिक आणि त्यामागचा विश्वास

समचलनाचे शाब्दिक उदाहरण सोडवणे सोपे असते. 5 वह्यांना 120 रुपये, तर 8 वह्यांना किती? किंमत y, वह्या x, म्हणून y = kx; k = 120 ÷ 5 = 24 आणि उत्तर 192 रुपये. खरा प्रश्न त्याआधीचा आहे: k बदलत नाही, हे कशावरून?

भास्कराचार्यांच्या 1150 मधील ‘लीलावती’त हीच रीत त्रैराशिक म्हणून येते. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी; वह्यांच्या उदाहरणात त्या अनुक्रमे 5, 120 आणि 8. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचे. (शब्द अध्यात्मातले वाटतात, पण येथे निव्वळ हिशेबाचे आहेत.) हरीने जसे विश्व व्यापले आहे तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, असा आशयही त्या ग्रंथात आढळतो. तरीही इच्छा वाढली की फल घटते अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक वापरावे, असे ग्रंथकार बजावतात. कोणती रीत लावायची हे सूत्र सांगत नाही. ते व्यवहार पाहून ठरवावे लागते.

चार वर्षांच्या मुलाची उंची 100 सेंमी, म्हणून चाळिसाव्या वर्षी 1000 सेंमी, हे आकडेमोडीत बिनचूक आणि अर्थाने हास्यास्पद आहे. स्प्रिंगची वाढ ताणाच्या सम प्रमाणात असते, हा रॉबर्ट हूकचा नियमही स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपर्यंतच खरा. म्हणजे k ची अचलता गणित सिद्ध करत नाही, गृहीत धरते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात ती ‘सम प्रमाणात’ या दोन शब्दांनी आधीच दिलेली असते.