ठसा मालकाचा, हात कारागिराचा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील (1837–1901) एखाद्या इंग्रज चांदी-कारागिराचा माग त्याच्या वंशजांना दोन साधनांनी काढता येतो : चांदीवरचे ठसे आणि दफ्तरातल्या नोंदी. दोन्ही साधने भरवशाची आहेत. मात्र प्रत्येकाला विचारायचा प्रश्न वेगळा.

लंडनमध्ये तपासलेल्या त्या काळच्या चमच्याच्या दांड्यामागे साधारणपणे पाच ठसे दिसतात. चालता सिंह 92.5 टक्के शुद्धतेची ग्वाही देतो. बिबट्याचे मुख लंडनच्या तपासणीगृहाचे. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर, शेफिल्डची तेव्हा मुकुट. एक अक्षर वर्ष सांगते. राणीचे मुख म्हणजे कर भरल्याची पावती. हा कर 1890 मध्ये उठला. पाचवा ठसा आद्याक्षरांचा. तपासणीगृहाच्या नोंदवहीत ती आद्याक्षरे सापडली, की नाव आणि पत्ता हाती येतो.

घोटाळा होतो तो याच ठशापाशी. ती आद्याक्षरे माल तपासणीला पाठवणाऱ्याची, म्हणजे शुद्धतेची जबाबदारी घेणाऱ्याची असतात. प्रत्यक्षात पत्रा ठोकणारा एक, नक्षी उठवणारा दुसरा आणि झिलई देणारी बहुधा एखादी स्त्री असे. दुकानदारही स्वतःचा ठसा नोंदवून घेत. जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात राबलेल्या कारागिराच्या नावावर त्यामुळे एकही ठसा नसणे स्वाभाविक आहे.

अशा माणसाचा पत्ता कागदच देतात. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली; विवाहाच्या दाखल्यावर वर आणि वधू या दोघांच्याही वडिलांचा व्यवसाय असतो. 1841 च्या जनगणनेत प्रौढांची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवलेली आहेत. 1851 पासून नेमके वय आणि जन्मगाव मिळते. 1891 मध्ये मालक की नोकर याचे रकाने आले. शहरांच्या व्यापारी सूच्यांत मुख्यतः धंदा थाटलेल्यांची नावे असतात, मजुरीवाल्यांची क्वचितच. व्यवसायाची नोंदही तपासून घ्यावी लागते : बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन पेढीने 1840 मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचे पेटंट घेतले आणि चांदीकामाचे स्वरूपच पालटू लागले; त्यामुळे नोंदीतला माणूस चांदी घडवणारा की नुसता मुलामा देणारा, हे पाहावे लागते.

आद्याक्षरे जुळली म्हणून माणूस जुळला, असे होत नाही. नाव, पत्ता, वर्ष आणि मालक-नोकर हा दर्जा या चारही गोष्टींचा मेळ बसला, तरच ठसा पूर्वजाचा मानावा. मेळ बसला नाही, तरी त्याचे गाव, गल्ली, कुटुंब आणि पोटापाण्याचा धंदा कागदांवरून सिद्ध करता येतो. त्याच्या हातची वस्तू ओळखू येणे मात्र बहुतेक वेळा शक्य नसते.