दुसऱ्याच्या वाट्याची सोशिकता

सोशिकता हा सद्‌गुण आहे, हे आपण प्रवचनांतून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. परंतु दुसऱ्याने किती सोसावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. आम्हाला तो विचारावा लागला, आणि त्याला निमित्त झाली दूरचित्रवाणीवरील एक मालिका.

२०१२ आणि २०१३ या वर्षांत झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील मालिका दाखविली जात असे. आम्ही तेव्हा ज्या धर्मग्रामात होतो, तेथील कितीतरी कुटुंबे सायंप्रार्थना आटोपून तिच्यासाठी बसत. कथा आपल्या परिचयाची आहे. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाईंचा विवाह एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे हे विद्वान वडिलांच्या आग्रहापुढे नमले. मात्र पुढे त्यांनी पत्नीला स्वतः शिकविले, आणि त्या शिक्षणापायी घरातील मोठ्या बायकांनी टोमणे आणि अबोला यांनी तिला जेरीस आणले.

त्या काळातील बहुतेक सुखवस्तू स्त्रियांचे कामाचे ठिकाण म्हणजे घरच. तेथेही वरिष्ठ होते, शिस्त होती, मर्जी राखणे होते. छळणाऱ्या त्या बायकांच्या हाती खरी सत्ता नव्हतीच. पुरुषांनी आखलेली चौकट राखण्याचे काम तेवढे त्यांच्याकडे होते. न्यायमूर्तींची पत्नीला शिकवण अशी की, सोसावे, उलट उत्तर देऊ नये, अभ्यास मात्र सोडू नये. रमाबाईंनी ती पाळली. न्यायमूर्तींच्या थोरवीला बाध न आणता एवढे म्हणता येईल की, ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांनी तो शब्द पुरेसा वापरला नाही, आणि सोसण्याचा भार घरातील सर्वांत लहान व्यक्तीवर पडला.

एका संध्याकाळी आम्ही एका कुटुंबाकडे जेवायला गेलो असता ही मालिका चालू होती. रमाबाईंचा छळ पाहून आम्हीही संतापाने काही बोललो. घरातील आजीबाई म्हणाल्या, “फादर, आपण त्या काळी असतो, तर तिची बाजू घेतली असती, नाही का?” आम्ही ‘अर्थातच’ म्हणालो.

आता लिहिताना संकोच वाटतो. पण लिहिलेच पाहिजे. त्याच महिन्यात आमच्या देखरेखीखालील एका संस्थेतील तरुण शिक्षिका आमच्याकडे आली होती. एक वरिष्ठ तिला शाळा सुटल्यावर विनाकारण थांबवून ठेवीत, नको ते बोलत, आणि तिने टाळले की रजेच्या अर्जावर सही अडवीत. आम्ही तिचे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणालो, “मॅडम, थोडे सांभाळून घ्या. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे.” ती म्हणाली, “फादर, दोन वर्षे सांभाळूनच घेतले. जमेना, म्हणून आज आले.” आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करण्याचे आश्वासन दिले. वर्ष संपण्यापूर्वी तिने नोकरी सोडली. ते वरिष्ठ सन्मानाने निवृत्त झाले. निरोपसमारंभात चार गौरवाचे शब्द आम्हीच बोललो.

शास्त्री आणि परूशी संदेष्ट्यांच्या कबरी सजवीत आणि आपण पूर्वजांच्या काळी असतो तर त्या हत्येत सामील झालो नसतो, असे म्हणत, तेव्हा प्रभू येशूने त्यांना किती कठोर शब्दांत फटकारले हे मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात वाचावयास मिळते. त्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले होते. ते आपल्यालाही लागू आहे, हे त्या शिक्षिकेची रिकामी खुर्ची पाहीपर्यंत लक्षात आले नाही. जुन्या अन्यायावर रागावण्यास काही मोल पडत नाही. आजच्या अन्यायाविषयी बोलले तर सहकारी दुरावतात, संस्थेची चर्चा होते, चौकशी लागते.

सेमिनरीत आम्ही शिकलो होतो की, संत थॉमस अक्वायनस यांच्या मते आक्रमणापेक्षा निश्चलपणे सहन करणे हे धैर्याचे मुख्य कार्य होय. हे वचन आमच्या उपयोगाचे होते, म्हणून लक्षात राहिले. याच संतांनी असेही शिकविले आहे की, जेथे विवेक रागाची अपेक्षा करतो तेथे राग न येणे हाही दोष आहे. ते आम्ही विसरलो. शिवाय त्यांचे सहन करणे हे सद्हेतूसाठी सोसणाऱ्याचे स्वतःचे धैर्य आहे. आम्ही त्या शिक्षिकेला सोसण्यास सांगितले, त्यात धैर्य तिचे खर्च होणार होते आणि सोय आमची होणार होती.

रमाबाईंच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. ज्यांनी स्वतः इतके सोसले, त्यांनी इतर स्त्रियांना केवळ सोसण्याचा उपदेश केला नाही. १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे शिक्षण दिले. परिचारिकेचे काम प्रतिष्ठित घरांना कमीपणाचे वाटे, त्या काळी त्यांनी स्त्रियांसाठी तोही मार्ग मोकळा केला.

आपल्या काळाचीही अशी एक कथा आहे. राजस्थानात शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरी देवी यांनी बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्या रागातून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून सोडले. परंतु या प्रकरणातून स्त्रीसंघटनांनी दाद मागितली, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ साली कायदा झाला. रमाबाईंची मालिका संपली तेही हेच वर्ष. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया नकोत, एक सदस्य बाहेरचा हवा. दहांपेक्षा कमी माणसे असतील तेथील स्त्रीसाठी, घरकाम करणाऱ्या बाईसाठीसुद्धा, जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. त्या शिक्षिकेने दोन वर्षे सांभाळून घेतले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

सध्या आमचे वास्तव्य देवरी तालुक्यातील चिचगडला आहे. येथे उन्हाळ्यात बाया पहाटेच जंगलात जाऊन तेंदूपाने आणतात. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करतात. पुडे मोजून घेणारा मुन्शी एखादा पुडा बाजूला काढू शकतो; मजुरीचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत असतो. अंगणवाडीतील सेविकेचा अहवाल कोणाच्या तरी सहीसाठी थांबतो. प्रत्येक ठिकाणी अन्याय होतोच असे आम्ही म्हणत नाही. झालाच, तर जिल्ह्याची समिती दूर गोंदियाला, आणि ती आहे हे अनेकींना ठाऊकही नाही.

म्हणून आपल्या वाचकांना एकच विनंती. शाळेच्या, दवाखान्याच्या, पतसंस्थेच्या व्यवस्थापनात आपल्यापैकी अनेक जण आहेत. आपल्याकडे ही समिती आहे काय, तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावली आहेत काय, हे या महिन्यातच पाहावे. आणि कोणी बाई आपल्याकडे बोलावयास आली, तर तिला सांभाळून घेण्यास सांगू नये. कागद आणि पेन पुढे करावे, आणि ती लिहून होईपर्यंत तिच्याजवळ बसावे. आम्हाला ते एकदा करता आले असते.