संशय सांगण्याचा धर्म

सिरॉसिसने यकृत पार थकलेलं, पोटात पाणी झालेलं, आणि त्याच माणसाच्या हृदयाची झडप अरुंद होत चाललेली. छाती उघडायची का?

रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं यकृतातच बनतात. ती इथे कमी पडतात, शिवाय वाढलेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते. हार्ट-लंग मशीनसाठी मात्र हेपरिन देऊन रक्त गोठणं आणखी थांबवावं लागतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाने 2007 मध्ये सिरॉसिस असलेल्या 27 हृदयरुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. चाइल्ड-प्यू मोजपट्टीवर ‘सी’ या सर्वांत वाईट गटात सहा जण होते. चार दगावले.

सहापैकी चार. पुढच्या रुग्णाला हा आकडा काय सांगतो? तो तर एकटाच आहे. त्याच्या वाट्याला दोन तृतीयांश मरण येत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांचा अध्याय आहे. पोटात पाणी होणं, म्हणजे जलोदर, त्यातलाच. सगळे उपाय थकले की तिथे विषप्रयोगाचा जहाल उपचार येतो. पण आधी वैद्याने स्पष्ट सांगायचं: काही न केल्यास मृत्यू ठरलेला, केल्यास संशय. मग नातलग, मित्र, पत्नी, राजा, गुरू यांची अनुमती घ्यायची. यातली थोर गोष्ट ही, की वैद्य आपला संशय पोटात ठेवत नाही. तो उच्चारणं हे उपचाराइतकंच त्याचं काम आहे.

मात्र त्या यादीत खुद्द रोगी नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही जागा 2008 मध्ये भरली. सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाच्या वतीने आईने दिलेली संमतीही पुरेशी नाही, असा तो निकाल होता. पण यकृताचा आजार इथेच कोंडी करतो. चाइल्ड-प्यूच्या पाच निकषांपैकी एक मेंदूचा आहे. यकृताने गाळायची विषद्रव्यं मेंदूपर्यंत पोहोचतात, माणूस दिवसा पेंगतो, असंबद्ध बोलतो. जोखीम सर्वांत मोठी होते तेव्हाच होकार देणारं मन विझत असतं. मग सही मुलगा करतो, आणि नंतर वर्षानुवर्षं त्या सहीचं ओझं वाहतो.

म्हणून हे बोलणं ऑपरेशनच्या आदल्या रात्री फॉर्म पुढे सरकवून होण्यासारखं नाही. पायाच्या धमनीतून झडप बसवण्याचा पर्याय या रुग्णाला चालेल का, काहीच केलं नाही तर दिवस कसे जातील, हेही त्यात यायला हवं. तेही गोळ्यांनी पोटातलं पाणी ओसरलेलं असताना, नातवंडांची नावं त्याला न चुकता आठवत असताना.