दान कशाचे?

देवळाच्या देणगीपुस्तकात रक्कम लिहिली जाते. दात्याने काय पणाला लावले, ते लिहिले जात नाही. मुंबईचे धनाढ्य व्यापारी जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांनी विद्यादानार्थ विपुल द्रव्य वेचले. परंतु १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळेस आपल्या वाड्यातच जागा दिली, तेव्हा स्त्रीशिक्षणाने धर्म बुडेल असे मानणारे थोडे नव्हते. शेटजी स्वतः देवधर्म पाळणारे. हा रोष परक्यांचा नव्हे, स्वजनांचा होता. दिलेले द्रव्य पुन्हा मिळविता येते. गेलेला लौकिक सहसा परत येत नाही. म्हणून, वाचकहो, लोकनिंदा सोसावी लागेल अशा सत्कार्याच्या वेळी आपला हात मागे येतो काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.