घरच्या नियमांचे राज्य

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावाने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन बारक्या पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला, तेव्हा त्यांच्याबरोबर पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या, आणि जिंकले कोण हे ठरविण्याची तरतूदही नव्हती. होती ती एवढीच व्यवस्था, की एकाने पंच होऊन एक जग कल्पावे, इतरांनी त्या जगातील एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करतो ते सांगावे, आणि जेथे परिणामाविषयी संदेह असेल तेथे फासा टाकून निवाडा करावा. तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस कर्त्यांनी वाचकांस असेही सुचविले होते, की राहिलेले तपशील आम्हांस विचारीत न बसता तुमचे तुम्हीच ठरवावे. पुढे गायगॅक्सने 1977 ते 1979 या काळात याच खेळाची 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्ती जाडजूड ग्रंथांतून काढली आणि तो नियमांच्या एकरूपतेचा कडवा पुरस्कार करू लागला. यात तत्त्वाचा भाग किती आणि धंद्याचा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दिलेली मोकळीक मात्र खेळणाऱ्यांनी परत केली नाही, आणि घरोघरी नवे नियम, नवी राज्ये, नवी दैवते रचण्याचा जो उद्योग 'होमब्रू' या नावाने तेव्हापासून चालू आहे, तो आजतागायत थांबलेला नाही.

या उद्योगाला अधिकृततेचा दाखला मागणे व्यर्थ आहे, कारण मूळ ग्रंथच घरगुती नियमांचा संग्रह होता. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांतील डेव्ह वेझली याने 1969 साली नेपोलियनच्या काळातील एका कल्पित जर्मन गावावर लुटुपुटीचे युद्ध मांडताना सैन्यांच्या जोडीला गावातील एकेका माणसाची भूमिका एकेका खेळाडूस वाटून दिली. त्याच मंडळातील आर्नेसनने तो धागा उचलून 'ब्लॅकमूर' नावाची आपली जहागीर उभी केली. आणि गायगॅक्सच्या 'चेनमेल' या 1971 च्या युद्धखेळाचे नियम तेथे अपुरे पडू लागताच ते हवे तसे वाकविले. त्याही मागे जावे, तर प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने 1824 साली कोष्टकांनी आणि फाशांनी जखडलेला युद्धाभ्यास रूढ केला होता, आणि 1876 साली व्हेर्दी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने ती कोष्टके दूर सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवावी असे प्रतिपादिले होते. नियम मोठा की निवाडा मोठा, हा वाद या खेळाहून जवळजवळ शंभर वर्षांनी वडील आहे.

तेव्हा नियम करावेत की नाहीत, हा प्रश्न उरत नाही. कसे करावेत, हा उरतो. आपल्याकडे वाड्याच्या चौकात वा चाळीच्या बोळात क्रिकेट खेळणारी मुले 'एक टप्पा आउट' हा जो नियम पाळतात, तो जागेच्या अडचणीमुळे आणि समोरच्या बिऱ्हाडाच्या काचांच्या धाकाने जन्मलेला असतो. तो प्रथम कोणी केला हे कोणास ठाऊक नसते, आणि मोठे मैदान मिळताच तो आपोआप गळून पडतो. घरगुती नियमांची अस्सल जात ही. याउलट जो नियम एकांतात, टेबलापाशी बसून, 'असे असते तर किती बहार येईल' या हौसेपोटी लिहिला जातो, त्याची झडती घेतल्यावाचून त्याला दप्तरात जागा देऊ नये, असे माझे मत आहे.

अशा एका लोकप्रिय नियमाची झडती घेऊन पाहू. वीस बाजूंच्या फाशावर एकचे दान पडले, की वार नुसता चुकत नाही, तर हातातले शस्त्र गळून पडते किंवा आपल्याच सोबत्याला लागते, असा दंडक पुष्कळ टेबलांवर चालतो. त्याने हशा पिकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 2014 च्या पाचव्या आवृत्तीत सहा सेकंदांची एक फेरी असते, आणि त्या फेरीत नवशिका योद्धा एक वार करतो, तर कौशल्याच्या विसाव्या पायरीवर पोचलेला योद्धा चार करतो. एकचे दान पडण्याचा संभव प्रत्येक वेळी शंभरात पाच. म्हणजे मिनिटाभराच्या झुंजीत चाळीस वार करणाऱ्या त्या निष्णात वीराचे खड्ग सरासरी दोनदा धुळीत पडणार, आणि कालपरवा उमेदवारीला लागलेल्या पोराचे दोन मिनिटांतून एकदा! कौशल्य वाढावे तसतशी फजिती वाढावी, हा न्याय त्या नियमकर्त्याला खचित अभिप्रेत नव्हता. शिवाय मांत्रिकाच्या पुष्कळशा मंत्रांत फासा टाकावा लागतो तो मंत्र सोडणाऱ्यास नव्हे, तर ज्याच्यावर तो सुटतो त्यास. म्हणजे हा जिझिया बसला मुख्यतः शस्त्रधाऱ्यांवर आणि मांत्रिक त्यातून बहुतांशी माफ झाले. वीसचे दान पडल्यास दुप्पट इजा, हा त्याचाच भाऊबंद नियम 1975 सालच्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' या खेळात छापलेला आढळतो, आणि गायगॅक्स 1979 सालीही त्याच्या विरोधात होता. त्याचा विरोध मला योग्य वाटतो: राक्षस एका झुंजीपुरता येतो आणि मरून जातो, नायकाला मात्र शेकडो झुंजींतून जगायचे असते, म्हणून आकस्मिक घाताचा कोणताही नियम दिसायला समदर्शी असला तरी अखेरीस त्याची वसुली खेळाडूंकडूनच होते.

याहूनही सूक्ष्म अपाय दुसऱ्या एका उदाहरणात दिसतो. 1974 च्या पुस्तिकांत पात्रांचे तीनच वर्ग होते: योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील खेळाडूंच्या एका मंडळाने 'चोर' हा चौथा वर्ग कल्पिला, आणि 1975 च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत त्याचे एक रूप छापूनही आले. कुलूप उघडणे, दबक्या पावलाने चालणे, सावलीत दडणे, या प्रत्येक कामाला शेकडेवारी ठरली. कल्पना मनोरम होती. परंतु त्या दिवसापर्यंत 'मी खांबाआड दडतो' असे योद्धाही म्हणू शके, आणि पंच खांब केवढा, उजेड किती, पहारेकरी जागा की पेंगुळलेला, हे पाहून निकाल देई. चोराच्या नावे ती कला लिहिली गेली, आणि इतरांची वहिवाट कोणीही रद्द केलेली नसताना बुडाली. चोराच्या पदरी तरी काय पडले? 1981 च्या 'बेसिक' आवृत्तीत पहिल्या पायरीवरील चोराला सावलीत दडण्याची संधी शंभरात दहा! ज्या गोष्टीसाठी पूर्वी केवळ शहाणपण पुरे होते, तिच्यासाठी आता सनद लागू लागली, आणि ती सनदही नव्वद वेळा नाकारली जाऊ लागली. एकाला हक्क देणारे प्रत्येक कलम इतरांचे काहीतरी मुकाट्याने काढून घेते, हे ज्याच्या ध्यानी येत नाही, त्याने नवे वर्ग आणि नव्या विद्या रचण्याच्या भरीस पडू नये.

जगाच्या रचनेला तरी निराळे शास्त्र लागू आहे काय? मला तसे वाटत नाही. हौशी जगनिर्माता प्रथम नकाशा काढतो, मग राजघराण्यांची वंशावळ, तीन हजार वर्षांची बखर, आणि आठ-दहा देवतांची माहात्म्ये. हे दप्तर शंभर पृष्ठांवर जाते, आणि पहिल्याच बैठकीत खेळाडू सरायीतल्या नोकराशी भांडण काढून ती शंभर पृष्ठे निकालात काढतात. यात खेळाडूंचा दोष नाही. त्या बखरीतील एकही ओळ त्यांच्या कृतीच्या आड येत नव्हती, की तिला साह्य करीत नव्हती. मग तिची दखल त्यांनी का घ्यावी? 2002 साली या खेळाच्या प्रकाशकांनी नवे जग मागविले, तेव्हा अकरा हजारांवर प्रस्ताव आले आणि पहिल्या फेरीत प्रत्येकास एकच पान लिहिण्याची मुभा होती. ज्याचे मर्म एका पानात मावत नाही, त्याला बहुधा मर्मच नसते, असे परीक्षकांना वाटले असावे.

उलट 1991 चे 'डार्क सन' पाहावे. ते जग वैराण वाळवंटाचे आहे, हे वाचकाला वर्णनातून कळते. पण खेळाडूला ते कळते निराळ्याच वाटेने. धातू दुर्मीळ, म्हणून तलवार हाडाची, दगडाची, नाही तर ज्वालामुखीच्या काचेची, आणि ती मोडते. नाणी भाजलेल्या मातीची. पाणी दररोज मोजून प्यावे लागते. आणि बेपर्वाईने मंत्र सोडला की भोवतालची वनस्पती जळून राख होते, तेव्हा मांत्रिकाने आपली शक्ती भूमीच्या जिवावर वाढवायची की तिला राखून हळूहळू वाढवायची, हे स्वतःच ठरवायचे. पात्रे तिसऱ्या पायरीपासून आरंभ करतात, आणि एकाऐवजी अनेक पात्रे हाताशी ठेवावीत अशी सूचना आहे, कारण मरण स्वस्त आहे. येथे भूगोल नियमांत शिरला आहे. त्या उजाड मुलखाची बखर कोणी वाचली नाही, तरी चौथ्या दिवशी पखालीत पाणी किती उरले, हे खेळाडू विचारल्यावाचून राहत नाही.

बक्षिसाचा नियम तर साऱ्या जगाची नीतीच ठरवितो. आरंभीच्या आवृत्त्यांत एक सुवर्णमुद्रा बाहेर आणली की एक अनुभवगुण मिळे, आणि शत्रू मारल्याबद्दल त्या मानाने फारच थोडे. साहजिकच शहाणे खेळाडू झुंज टाळून, लाच देऊन, भुयारातून पळ काढून द्रव्य गाठीत. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने सोन्याचा नियम ऐच्छिक केला, तेव्हा भुयारे तीच, राक्षस तेच राहिले; पण ज्या टेबलांवर तो गळला, तेथे तलवार अधिक वेळा उपसली जाऊ लागली. आपल्या जगात दया, तह, वचनपालन यांना प्रतिष्ठा आहे असे लिहून ठेवणाऱ्या आणि गुण मात्र मुडद्यांच्या संख्येवर वाटणाऱ्या पंचाने खेळाडूंच्या क्रौर्याबद्दल तक्रार करू नये.

राहिला कायदेशीर अंमलाचा मुद्दा. प्रकाशकांनी 2000 साली एक खुला परवाना देऊन मूलभूत नियमांवर इतरांना ग्रंथरचना करू दिली होती. जानेवारी 2023 मध्ये तो परवाना आवळण्याचा मसुदा बाहेर फुटला, खेळणाऱ्यांत मोठा क्षोभ उसळला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, केवळ श्रेयनिर्देशाची अट घालणाऱ्या परवान्याखाली मोकळा करण्यात आला. तो परवाना मागे घेता येत नाही. त्या नियमसंचावर उद्या कोणी मराठीत आपली नियमपुस्तिका लिहून छापावयाची म्हटली, तर मूळ कर्त्यांचे ऋण नमूद करण्यापलीकडे त्याला कोणाचीही परवानगी काढावी लागणार नाही.