नकाशावरील शेत

शहर वाढतें तें शेजारच्या गांवांच्या भूमीवर. तेव्हां त्या वाढीची आंखणी कशी व्हावी, हा प्रश्न केवळ कचेरीचा नव्हे, तर नीतीचा आहे. नागपूर शहरासाठीं १९३६ सालीं सुधार प्रन्यास स्थापन झाला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानें शहराबाहेरील प्रदेशाच्या योजनेस आधार मिळाला. पुढें २०१७ सालीं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण निर्माण झालें. त्याच्या कक्षेंत भोंवतालचीं सातशेंहून अधिक गांवें आहेत.

योजनाच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. जेथें आंखणी नसते, तेथें शेतांचे तुकडे पडून भूखंड विकले जातात. मग घर बांधणाऱ्यास ना रस्ता मिळतो, ना गटार, ना पाणी. परंतु नकाशावर रस्त्याची जी रेघ दिसते, ती कोणाच्या तरी संत्र्यांच्या बागेंतून जाते. बहुतांच्या हितासाठीं एकाचें शेत घेणें न्याय्य होय काय? होय, पण त्यास आधीं सांगितलें, त्याचें म्हणणें ऐकलें आणि त्याला पुरता मोबदला दिला, तरच. योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागविण्याची तरतूद कायद्यांत आहे, ती याचसाठीं.

परंतु वाचकहो, जी सूचना कोणीं वाचलीच नाहीं, ती न दिल्यासारखीच होय. ज्यास वाचतां येतें, त्यानें आपल्या शेजाऱ्यास त्याच्या शेताचा गट क्रमांक नकाशांत दाखवावा आणि मुदतींत त्याचा अर्ज लिहून द्यावा. सरकारापाशीं न्याय मागणाऱ्यानें शेजाऱ्याचें हें ऋण प्रथम फेडावें.